बाबांचं सीको डायव्हर ६३०९: काय बदलू, काय तसंच ठेवू?

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी,

बाबा बोटीवर होते, सुखाणी. जहाजाचं चक्र हातात धरून चार तास उभं राहायचं, आठ तास सुट्टी, की परत चार तास. १९८३ च्या सुरुवातीला बोट दुबईला लागली होती, तेव्हा त्यांनी हे घड्याळ घेतलं, सीकोचं पाणबुड्यांसाठीचं (डायव्हर). मागच्या झाकणावर ६३०९-७०४० असं कोरलंय, मधे लाटेचं चित्र आहे, आणि नंबर '२एन' असा सुरू होतो. बोट सोडल्यावर वीसेक वर्षं ते रोज संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जायचे, तेव्हाही हेच हातात. म्हणजे आधी खाऱ्या वाऱ्यात गेलं, मग मासळीच्या पाण्यात. गेल्या श्रावणात बाबा गेले. आईने घड्याळ मला दिलं.

आजची अवस्था सांगते. काचेवर दोन आणि चारच्या मधे खोल ओरखडा आहे, कडेला टवका उडालाय. बाहेरची फिरती कडा (बेझल) जाम आहे. तिच्या फटीत पांढरट काहीतरी घट्ट बसलंय, मीठ असेल नाहीतर खवले. कडेवरची काळी चकती एका बाजूला पार राखाडी झालीय आणि त्रिकोणातला चमकणारा ठिपका गेलाय. चावी (बाजूची फिरवायची गोल कळ) आट्यांत पकडत नाही, नुसती गरगर फिरते. डायलवर सहाच्या खाली चहाच्या डागासारखा डाग आहे. खुणांचे ठिपके हळदीसारखे पिवळे झालेत. मिनिटकाट्याच्या कडेला गंज दिसतो. हलवलं की चालतं, कधी वीस मिनिटं, कधी तास-दीड तास, मग थांबतं. पावसात दोनदा काचेच्या आतून वाफ धरली. एकदा रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवून बघितलं. सकाळी वाफ गेली होती, संध्याकाळी परत आली.

पुण्यात दोन दुकानांत दाखवलं. पहिले म्हणाले, "चावी भरली जात नाही, मशीन गेलंय, दुसरं टाकावं लागेल." आणि वार अरबीत दिसतो म्हणून घड्याळच खरं नसावं, असंही म्हणाले. दुसरे म्हणाले, केस (घड्याळाची बाहेरची स्टीलची पेटी) पॉलिश करू, डायल नव्याने रंगवू, अठराशे रुपयांत नवं करकरीत. मी देऊनच टाकणार होते. मग काउंटरवर त्यांनी नमुन्याला ठेवलेलं असंच एक 'नवं केलेलं' घड्याळ हातात घेतलं, आणि ते मला बाबांच्या घड्याळासारखं दिसलंच नाही. परत घेऊन आले.

मला हे कपाटात ठेवायचं नाही, रोज घालायचं आहे. स्कूटरवरून ऑफिसला जाते, पावसात भिजते, तेवढं त्याला झेपलं पाहिजे. पण बाबांच्या हाताच्या खुणा जायला नकोत. काय बदलावंच लागेल आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे जाणत्यांनी सांगावं. खर्चाची तयारी आहे.

लोलक

ताई, सगळ्यात आधी ते हलवून बघणं थांबवा. आत गंज आहे आणि तेल वाळलेलं आहे. अशा मशीनमध्ये गंजाची पूड चाकांच्या टोकांना कानशीसारखी घासते. आज जे पार्ट वाचतील ते महिनाभर हलवत राहिलात तर वाचणार नाहीत. काढून ठेवा आणि लवकर उघडून घ्या. तांदळाने घड्याळाला काही होत नाही, पण उपयोगही नाही. बंद केसमधलं पाणी बाहेर कसं येणार? ऊब लागून ते काचेवरून उठतं आणि मशीनवर जाऊन बसतं. वाफ गेली असं आपल्याला वाटतं, ती जागा बदलते.

मी छत्तीस वर्षं घड्याळं उघडतोय, त्यात ही ६३०९ किती आली त्याचा हिशेब नाही. बोटीवरच्या माणसांची, गल्फमधून आलेल्यांची. म्हणून सविस्तर लिहितो.

ह्या मशीनला हाताने चावी भरताच येत नाही. ते बनवलंच तसं आहे. मनगट हललं की रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, फिरतो, आणि रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी स्प्रिंग भरली जाते. त्यासाठी आत दोन पायांची एक पातळ पट्टी असते, एक पाय चाकाला ढकलतो, दुसरा ओढतो. सीकोने ही पट्टी १९५९ साली आणली आणि इतकी साधी की अजून वापरात आहे. तेव्हा चावी भरली जात नाही म्हणून मशीन गेलं, हे निदान चूक. सेकंदकाटाही चावी ओढल्यावर थांबत नाही. उद्या कोणी तोही दोष म्हणून सांगेल, ऐकू नका.

नंबरातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. महिने एक ते नऊ आकड्यांत, पुढे ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. हे मॉडेल १९७६ ते १९८८ मधलं. त्यामुळे पहिला आकडा सहा, सात किंवा आठ असेल तर दशकाचा घोळ होतो, पण तुमच्या दोनला घोळ नाही. नोव्हेंबर १९८२. बाबांनी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुबईत घेतलं म्हणता, अगदी जुळतं. अरबी वारही त्यामुळेच. वाराच्या चकतीवर इंग्रजीबरोबर दुसरी भाषा असायची, ती माल कुठे विकायचा त्यावर ठरायची. आखातातल्या मालात अरबी. ती चकती तुमच्या घड्याळाचा जन्मदाखला आहे. कोणी इंग्रजी-इंग्रजी करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. वार-तारीख बदलायची ती चावी एक टप्पा ओढून, एका बाजूला फिरवली की तारीख, दुसऱ्या बाजूला वार. पण रात्री नऊ ते पहाटे चारच्या मधे हात लावू नका. तेव्हा आतले दाते चकतीत अडकलेले असतात, मोडतात.

आता मुद्द्याचं. पाणी आत येतंय ते बहुतेक चावीतून. चावीच्या आतला वॉशर इतक्या वर्षांत दगड होतो. चावी नवी मिळते, तो प्रश्न नाही. केसमधून बाहेर आलेली जी नळी आहे, जिच्यावर चावी आवळली जाते, तिचे आटे शिल्लक आहेत का, हा खरा प्रश्न. आटे चावीचे गेले असतील तर नवी चावी घालून काम भागतं. नळीचे गेले असतील तर मोठं काम आहे, कारण ह्या केसमध्ये नळी सहज काढून दुसरी घालता येत नाही. ज्याच्याकडे द्याल त्याला पहिल्याच दिवशी भिंगातून हे बघायला सांगा. बाकी सगळा खर्च त्यावर ठरवा.

मागच्या झाकणाचा, काचेचा आणि बेझलखालचा, तिन्ही वॉशर नवे. काच नवी. ही प्लॅस्टिकची नाही, मिनरल म्हणजे खरी काच आहे, घासून ओरखडा निघत नाही, आणि कडेला टवका असेल तर वॉशर नीट दाबला जात नाही. मशीन पूर्ण खोलून धुऊन नव्या तेलाने जुळवायचं. नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून तेल सोडलं त्याला मी सर्व्हिसिंग म्हणत नाही. मिनिटकाट्यावरचा सुटा गंज टोकदार काडीने काढायचा, नाहीतर तो डायलवर झडतो. काटा बदलायची गरज नाही.

डायलला ब्लोअरची हवा सोडून काहीही लावायचं नाही. कापूस नाही, पाणी नाही, खोडरबर तर मुळीच नाही. चाळीस वर्षांची छपाई ओल्या कापसाला चिकटून येते. मी माझ्या हाताने एकदा 'ऑटोमॅटिक'मधली दोन अक्षरं उचललेली आहेत. १९९४ ची गोष्ट. गिऱ्हाईक चांगलं होतं, काही बोललं नाही. मला ती दोन अक्षरं अजून दिसतात.

रविवारचा_बाजार

लोलककाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पॉलिश आणि पार्टबद्दल लिहितो.

पॉलिशच्या चाकाला ही केस लावू देऊ नका. हात जोडून सांगतो. ह्या केसचा वरचा भाग चकाकणारा नाही, त्यावर बारीक रेघांची फिनिश आहे, आणि बाजू मात्र आरशासारख्या. दोन्ही जिथे भेटतात ती कडा हेच ह्या घड्याळाचं रूप. चाकावर धरलं की दहा सेकंदांत रेघा जातात, कडा गोल होते, आणि चोखलेल्या गोळीसारखं दिसायला लागतं. काउंटरवरचं ते घड्याळ तुम्हाला परकं वाटलं ते ह्याच्यामुळे. गेलेलं स्टील परत येत नाही. ओरखडे राहू द्या, कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. अर्थात मशीन बाहेर काढल्यावर.

रंगवलेल्या डायलचं तर काय सांगू. आपल्याकडे रंगवलेल्या डायलींमुळे परदेशातले जुन्या घड्याळांचे लोक मुंबईहून आलेलं घड्याळ म्हटलं की आधीच संशय घेतात. दहापट भिंगातून बघा: मूळ छपाईत अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी असते, रंगवलेल्यात ती पसरते आणि शब्दांमधलं अंतर चुकतं. तुमच्या डायलवर पाण्याचा डाग आहे, पण अक्षरं मूळची आहेत. डाग असलेली खरी डायल मी कधीही घेईन.

पार्टची काळजी करू नका. हेच ६३०९ मशीन सीको फाइव्हच्या कितीतरी साध्या घड्याळांत वापरलंय. तशी बंद पडलेली घड्याळं पुण्यात जुन्या बाजारात किंवा मुंबईला चोरबाजारात अजून मिळतात. घेताना मागचं झाकण बघा, पहिले चार आकडे ६३०९ हवेत. एक असं घेऊन घड्याळजींना दिलंत की चावीचा दांडा, चाकं, बारीक स्क्रू, सगळं घरचं झालं. त्याची वाराची चकती मात्र वापरू नका!

एका बाबतीत माझं मत काकांपेक्षा वेगळं पडेल कदाचित. बेझलची राखाडी झालेली चकती मी बदलणार नाही. ती उन्हाने तशी झालीय, आणि तो रंग कोणी लावून मिळत नाही. ठिपका गेलाय तर जाऊ दे.

लोलक

मत वेगळं नाही. चकती ठेवा. बेझल काढताना मात्र सांभाळा. तिच्याखाली बारीक गोळी आणि स्प्रिंग असते, तीच बेझलला टिकटिक करत टप्प्याटप्प्याने अडकवते. ती उडाली की फरशीवर सापडत नाही. खाली पांढरं ओलं कापड पसरून काढायची.

तारकर्ली_तळ

मी मालवण-तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो, घड्याळ दुरुस्तीतलं मला कळत नाही. पण एक बोलायलाच हवं. डायलवर १५० मीटर लिहिलंय ते १९८२ च्या नोव्हेंबरातल्या घड्याळाबद्दल लिहिलंय, आजच्या नाही. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. किल्ल्याजवळ आम्ही सात-आठ मीटर जातो, तिथेही जुना वॉशर हार खातो. माझ्या मामाचं असंच जुनं डायव्हर मी एका मुलाला हौसेने घालू दिलं होतं. वर आल्यावर त्याने ओल्या हाताने चावी सैल करून वेळ लावली. तेवढ्यात गेलं. खोल पाण्यात काही झालं नव्हतं, होडीत झालं.

म्हणून: चावी ओली असताना उघडायची नाही, समुद्राचं पाणी लागलं तर घरी येऊन गोड्या पाण्याखाली धरायचं आणि बेझल फिरवत धुवायची. ती जाम झाली ते न फिरवल्यामुळे. दुरुस्तीनंतर दाबाची चाचणी करून घ्या. पावसाला, हात धुवायला वापरा. आमच्याबरोबर खाली यायचं असेल तर या जरूर, पण घड्याळ किनाऱ्यावर ठेवून या.

हर्णैची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. ठिपके अंधारात अजिबात दिसत नाहीत. बाबा रात्रीच्या पाळीला ह्याच ठिपक्यांवर वेळ बघायचे, असं आई सांगते. ते परत चमकतील असं काही करता येतं का? आणि त्यात किरणोत्सारी काही असतं असं वाचलं, घालणं धोक्याचं तर नाही?

लोलक

विझले ते विझले. नवं द्रव्य भरता येतं, पण मी तुम्हाला भरू देणार नाही. हल्ली जे हिरवं लख्ख चमकतं ते जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ साली आणलेलं द्रव्य. ते उजेड पिऊन चमकतं, किरणोत्सारी नाही. चांगलंच आहे, पण ते घालायला जुने ठिपके खरवडावे लागतील, आणि त्यांची पिवळी हळद जाईल.

किरणोत्साराची भीती आहे ती फार जुन्या घड्याळांत, रेडियमच्या. त्याचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. ठिपका विझतो तो त्यातली चमकणारी पूड मेल्यामुळे, रेडियम तसंच जिवंत राहतं. १९६० च्या दशकानंतर ते मागे पडलं. तुमच्या १९८२ च्या घड्याळात ती चिंता नाही. तरी सवय म्हणून सांगतो, कुठल्याही जुन्या घड्याळाचे ठिपके घरात, जेवणाच्या टेबलावर खरवडू नयेत. धूळ श्वासात जाते.

घड्याळ घेऊन चिंचवडला या, पत्ता निरोपातून कळवतो. नळीचे आटे मी बघतो.

हर्णैची_लेक (अडीच महिन्यांनी)

काम झालं, म्हणून लिहिते आहे.

काकांनी मला शेजारी बसू दिलं. झाकण उघडलं तर वॉशरचं पार डांबर झालेलं, काळं आणि चिकट, काडीने खरवडून काढावं लागलं. नळीचे आटे शाबूत निघाले! गेले होते ते चावीचे. तो क्षण मी विसरणार नाही, काकांनी भिंग न काढताच "आहेत" एवढंच म्हटलं. गंज तारखेच्या बाजूला आणि दांड्यावर होता. जुन्या बाजारातून एक सीको फाइव्ह नेलं होतं, त्यातून दांडा, दोन स्क्रू आणि तारखेखालची एक पट्टी घेतली. बॅलन्स (वेळ राखणारं डोलतं चाक) आणि त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग मूळचीच.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडून काहीतरी लिहिलेलं होतं. काका म्हणाले, दुरुस्ती करणारे अशी खूण करतात, घड्याळ परत आलं तर आपण कधी उघडलं होतं ते कळावं म्हणून. दोन खुणा होत्या. एक वाचता आली नाही, कुठल्या तरी बंदरातली असेल. दुसरी '५-९१'. १९९१ च्या मे महिन्यात बाबा रजेवर घरी होते, माझी बारशाची तारीख त्याच महिन्यातली आहे. म्हणजे कोकणातच कोणीतरी उघडलं होतं, आणि नीट उघडलं होतं, कारण काकांच्या मते एकाही स्क्रूची खाच मोडलेली नव्हती. काकांनीही त्याखाली बारीक अक्षरांत आपली खूण केली.

बेझलखालून निघालं ते मीठ आणि खवले, दोन्ही. गोळी मिळाली. आता कडा फिरते, आणि तिचा तो खट्खट् आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा बांगड्याचं कालवण चुलीवर ठेवलं की त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचे, त्याचा हा आवाज. मी विसरले होते, तिच्या कानात होता.

डायल तशीच, डागासकट. काटे तेच. केसला साबणपाण्याशिवाय काही लागलं नाही. काच, चावी आणि वॉशर नवे. वेळ मोजायच्या यंत्रावर ठेवून बघितलं तेव्हा दिवसाला बारा सेकंद पुढे जात होतं, मनगटावर साधारण तेवढंच येतं. कोरड्या हवेत तीन बार दाबाची चाचणी पास झाली. शिवाय काकांनी एक घरगुती परीक्षा दाखवली: घड्याळ चाळीस अंशांच्या आसपास गरम करून काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवायचा. आत ओल असेल तर थेंबाखाली वाफेचा गोल उमटतो. उमटला नाही. मागच्या आठवड्यात वाकडपासून घरापर्यंत चिंब भिजत आले, तेव्हाही काच स्वच्छ.

जुनी काच आणि चावी डबीत ठेवली आहे.

पट्ट्याचं तेवढं राहिलंय. रुंदी २२ मिलिमीटर आहे, पट्टा मिळाला, पण साध्या बारीक पिना ह्या केसच्या भोकांत ढिल्या बसतात, काका म्हणतात जाड अडीच मिलिमीटरच्याच हव्यात. पुण्यात दोन-तीन ठिकाणी विचारलं, नाहीत. कोणाकडे जोडी असेल किंवा कुठे मिळते ते माहीत असेल तर कळवा. तोपर्यंत कापडी पट्ट्यावर घालते आहे.